कूलर आधी सुरू करा, वाद नंतर

बाई, सादर नमस्कार.

आम्ही अंबाजोगाई तालुक्यातले. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, बारावीला असलेली मुलगी, आणि मुलगा छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ७४. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडलेली आहे, रेशनवरची मिलो (लाल ज्वारी) खाल्लेली आहे. मुलगा सुट्टीला आला की हवामान बदलाचा विषय निघतो. आबा म्हणतात, "दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तवा कुठं कारखाने व्हते? निसर्गाचं चक्र हाय ते. ह्यो समदा बाहेरच्या देशांचा डाव." मुलगा चिडतो. त्यानं घरातल्या एकूण एक बटणाजवळ चिठ्ठ्या चिकटवल्यात. कुणाचा चार्जर लावलेला दिसला की ओरडतो. या मे महिन्यात एका दुपारी आबा झोपलेले असताना त्यानं त्यांचा कूलर बंद केला, आणि ते उठल्यावर म्हणाला, "तुमच्या पिढीनंच पृथ्वीचं वाटोळं केलं." तेव्हापासून आबा त्याच्याशी बोलत नाहीत. जेवण झालं की उठून शेतातल्या आखाड्यावर जातात. बिल २८४ युनिटचं आलं, ३,२०० च्या वर. मिस्टर म्हणतात, एसी घेऊन टाकू म्हणजे कटकट मिटेल. खरं कोण बोलतंय? आबांना कसं समजावू? आणि बिल कसं खाली आणू?

एक सून

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण पत्र वाचताना माझा जीव अडकला तो त्या कूलरपाशी. मे महिन्याच्या दुपारी ७४ वर्षांच्या माणसाचा कूलर कुणीही, कुठल्याही कारणानं बंद करायचा नाही. उतारवयात घाम कमी येतो, तहान लागलेली उशिरा कळते, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. आपल्याकडे पारा ४२-४३ वर गेलेला असताना बंद खोलीत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही. तो झोपेतच होतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. आखाड्यावर पत्र्याचं शेड असेल तर तिथली दुपार घरातल्यापेक्षा वाईट. तेव्हा वाद राहू द्या तसाच, आधी आबांना दुपारचं घरी आणा. मुलानं माफी मागायची आहे. शास्त्राबद्दल नाही, बटणाबद्दल. "आबा, कूलर बंद केला ते चुकलं," एवढंच वाक्य, पुढे 'पण' न लावता.

त्याला आकडे आवडतात, तर हा हिशोब दाखवा. साधा कूलर २०० वॅटच्या आसपास वीज घेतो. दुपारचे चार तास चालला तर ०.८ युनिट. आपल्या देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते, म्हणून एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आबांच्या एका दुपारचे साडेपाचशे-सहाशे ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो जातो. मोटारसायकलवर तालुक्याला दोन चकरा झाल्या की आबांच्या चार दुपारी खर्ची पडल्या. हे त्याला टोचायला सांगत नाही. प्रमाण कळल्याशिवाय बचत करायला बसलं की माणूस नेमका चुकीच्या बटणावर हात ठेवतो, म्हणून सांगते.

आता खरं कोण बोलतंय. कारणाबद्दल मुलगा बरोबर आहे. पृथ्वी तापते आहे आणि ती माणसाच्या करणीनं तापते आहे, यात आता शंका उरलेली नाही. पण त्यानं कारण सांगता सांगता दोष देऊन टाकला, आणि तोही घरातल्या सगळ्यात कमी दोष असलेल्या माणसाला. कारण वेगळं, दोष वेगळा. कोळसा, तेल आणि वायू जाळल्यानं पृथ्वी तापली, हे कारण. तो कुणी किती जाळला, हा दोषाचा हिशोब, आणि त्यात आबांचं पान जवळजवळ कोरं आहे. आजही एका भारतीय माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो आणि एका अमेरिकन माणसामागे चौदा टनांच्या आसपास. हा आजचा आकडा. ज्यांच्या तरुणपणी घरात उजेडाला रॉकेलची चिमणी होती, प्रवासाला बैलगाडी होती आणि जळणाला तुराट्या-पऱ्हाट्या होत्या, त्यांच्या वाट्याला कितीसं येणार? "बाहेरच्या देशांचा डाव" असं आबा म्हणतात तेव्हा त्यांना एक खरी गोष्ट दिसत असते, की ज्यांनी जास्त जाळलं त्यांचं भोगायची वेळ आपल्यावर आली. हा डाव नाही. ही थकबाकी आहे. मला वाटतं, आबांनी कारण नाकारलं ते कारणासाठी नाहीच. त्यासोबत दोषाचं बोचकं त्यांच्या डोक्यावर ठेवलं गेलं म्हणून नाकारलं. ते बोचकं आधी खाली उतरवा, मग बोला.

बोलायचं कसं, ते माझ्या अनुभवातून सांगते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली बरीच वर्षं मी ओझोनचं भोक आणि तापमानवाढ यांची सरमिसळ करून शिकवत होते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळल्यावर वर्गात उभी राहून दुरुस्त केलं. तेव्हा आबांची गफलत होत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. त्यांना व्याख्यान नको. त्यांना एक प्रश्न विचारा: पूर्वी उन्हाळ्यात अंगणात झोपायचे तेव्हा पहाटे वाकळ ओढावी लागायची का? माझी खात्री आहे, "लागायची की" म्हणतील. आता लागते का? इथून बोलणं सुरू करा.

कारण सगळं वाकळीतच आहे. वाकळ स्वतः गरम नसते. ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. सूर्यामुळे तापलेली जमीन ती उष्णता पुन्हा आकाशाकडे सोडते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यातली काही अडवून धरतो. हे काही काल-परवा कुणी रचलेलं नाही. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत हा गुण मोजला. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हातानं आकडेमोड करून सांगितलं की हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं, आणि हवामानावरून कुणाला कुणाचा डाव हाणून पाडायचा नव्हता.

वाकळ जाड झाली का, तेही मोजलेलं आहे. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवा मोजायला घेतली. तेव्हा दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते. आबा तेव्हा सहा-सात वर्षांचे असतील. बाहत्तरला ते खडी फोडत होते तेव्हा ३२७. आज ४२० च्या पुढे. कारखाने येण्याआधी हजारो वर्षं तो २८० च्या आसपास होता. ही सगळी वाढ मोजता मोजता एका माणसाचं आयुष्य गेलं, आणि त्या माणसाचं वय तुमच्या आबांएवढं आहे.

मग आबा म्हणतील, सूर्यच जास्त तापत असेल. प्रश्न रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनीही तो स्वतःला विचारला. १९७८ पासून उपग्रह सूर्याची उष्णता मोजताहेत. ती अकरा वर्षांच्या फेऱ्यात थोडी वर-खाली होते, वाढत मात्र गेलेली नाही. याहून पक्की खूण दुसरी आहे. शेजारची शेकोटी पेटवली तर वाकळीच्या आतही गरम होतं आणि बाहेरही. पण शेकोटी तेवढीच ठेवून वाकळ जाड केली तर आत उकडतं आणि वाकळीची वरची बाजू गार पडते. पृथ्वीवर नेमकं हेच झालंय. जमिनीलगतची हवा तापली आणि फार उंचावरचा थर थंड झाला. स्युकुरो मनाबे यांनी आपल्या सहकाऱ्यासोबत हे १९६७ मध्येच गणितानं दाखवलं होतं, आणि मोजणीत ते नंतर खरं ठरलं. हवामानाच्या गणिताबद्दल त्यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आणि साधी गोष्ट बघा, रात्री तर सूर्य नसतोच. जगभर थंड रात्री कमी होत चालल्या आहेत. गावात घरं सिमेंटची झाली, त्यानंही रात्र तापते हे खरं. पण जिथं सिमेंट नाही तिथंही ती तापते आहे.

हा वायू कोळशाचाच कशावरून, ज्वालामुखीचा का नाही? जिवंत झाडात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, तो साधारण ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या कोळशात तो औषधालाही उरलेला नसतो. हवेत असा जुना, निखळ कार्बन मिसळतो आहे हे हान्स झ्यूस यांना १९५५ मध्येच दिसलं होतं. चोर सही करून गेला, असंच म्हणायचं. ज्वालामुखीचा कार्बनही असाच जुना असतो, पण जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या धुराच्या एक टक्काही भरत नाही.

आता आबांच्या बाजूचं बोलते, कारण तेही मुलाच्या कानावर पडायला हवं. हवामान पूर्वीही बदलत होतं, हे शंभर टक्के खरं. हिमयुगं आली आणि गेली. फक्त मागचं हिमयुग संपताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, त्याला दहा हजारांच्या घरात वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त. वणवे पूर्वी आपोआप लागायचे म्हणून आज कुणी काडी ओढलीच नसेल, असं होत नाही. दुष्काळाबद्दल मात्र आबांचं म्हणणं मुलानं नीट ऐकावं. मराठवाडा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत आहे. इथं दुष्काळ पूर्वापार येतो. बाहत्तरला प्रशांत महासागरात एल निनो होता, २०१५ लाही होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्याचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडलं तर उसाचं काय, सातशे-आठशे फुटांच्या बोअरचं काय, मांजरा धरणातल्या पाण्याच्या वाटपाचं काय? त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण लातूरला होती. नळाच्या एका वारापासून दुसऱ्या वारापर्यंत ती भांडी मोजत बसायची. तिच्या त्या हालांमागं चार-पाच कारणं होती आणि त्यातली निम्मी आपल्या जिल्ह्यातली होती. प्रत्येक आपत्तीला एकच कारण चिकटवणारा मुलगा आणि एकही कारण न मानणारे आबा, दोघंही घाई करताहेत.

तापलेल्या हवेनं नेमकं काय बदलतं? हवा एक अंशानं तापली की ती सात टक्क्यांच्या आसपास जास्त वाफ धरून ठेवते. म्हणून पडतो तेव्हा पाऊस कोसळतो, नाही तर महिनाभर तोंड दाखवत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सोयाबीन पाण्यात, माती वाहून गेलेली. बाहत्तर पाहिलेल्या माणसानंही तसा सप्टेंबर आधी पाहिला होता का, हे आबांनाच विचारा. ते सांगतील ते मुलानं लिहून घ्यावं. पन्नास-साठ मृग पाहिलेला माणूस घरात असताना त्याला गप्प बसवणं म्हणजे आपल्याच हातानं दप्तर जाळणं आहे.

शास्त्रज्ञ चुकत नाहीत का? चुकतात. हवामान बदलावरच्या २००७ च्या जागतिक अहवालात (आयपीसीसीच्या) हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं छापलं गेलं होतं. ते चूक निघालं आणि २०१० मध्ये त्यांनी तसं जाहीर मान्य केलं. ही चूक शास्त्रज्ञांनीच पकडली. आबांना हे तुम्ही स्वतःहून सांगा. सगळं बरोबरच आहे असं ठासून सांगणाऱ्यावर शहाणा म्हातारा कधी विश्वास ठेवत नाही.

एवढं करूनही आबा "निसर्गाचं चक्र" म्हणत राहिले तर राहू द्या. बिल कमी करायला कारणावर एकमत लागत नाही.

तर बिल. महावितरणच्या घरगुती दरात पहिले शंभर युनिट स्वस्त, त्यापुढचे तीनशेपर्यंतचे जवळपास दुप्पट. म्हणून बचत केलेला प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतो. तो करासकट दहा रुपयांच्या पुढचा असतो. तुमचे २८४ युनिट गेले कुठं? मी अंदाज बांधते. चार जुने छताचे पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, उन्हाळ्यात दिवसाला चौदा तास. महिन्याचे १२६ युनिट. वाचून दचकलात ना? सगळे कूलरवर डोळा ठेवून असतात. तो दहा तास चालला तरी महिन्याला ६० युनिट. फ्रिज ३५-४०. बाकी टीव्ही, दिवे, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर. आणि मुलाचा तो चार्जर? नुसता लावून ठेवलेला चार्जर महिन्याभरात पाव युनिटही घेत नाही. चिठ्ठी चिकटवायचीच होती तर ती पंख्याला चिकटवायला हवी होती.

बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. चारही बदलले तर १२६ चे ५० युनिट होतात. बिलातून आठशेच्या आसपास रुपये कमी, तेही एका महिन्यात. पंखा अडीच-तीन हजारांचा येतो, तेव्हा एकदम चार घेऊ नका. जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी, म्हणजे बहुधा आबांच्या खोलीतला. पेटीवर तारांकन (स्टार रेटिंग) बघून घ्या. २०२३ पासून पंख्यांना ते सक्तीचं आहे. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला सांगा. वेग रिमोटनं बदलतो, आणि जुना रेग्युलेटर मध्ये राहिला तर पंखा बिघडतो. आणि आपल्या भागात लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर हा पंखा जुन्याच्या दुप्पट वेळ फिरतो. माझ्या घरी पहिला पंखा मी याच लोभानं घेतला होता.

फ्रिजचं रबर ढिलं झालं असेल तर बदला आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. डाळ तासभर भिजवून कुकरला लावा, गॅस वाचतो. हिवाळ्यात अंघोळीच्या पाण्याला गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेला, म्हणून बंब माळ्यावर टाकला असेल तर खाली काढा. तो उघड्यावर पेटवा, धूर सासूबाईंच्या आणि तुमच्या छातीत जायला नको.

पाण्याची मोटर मात्र हलक्यात घेऊ नका. सहाशे फुटांवरून हजार लिटर पाणी वर काढायला अगदी आदर्श पंपालाही अर्धा युनिट लागतो, आणि आपल्या बोअरचे पंप आदर्श नसतात, दुपटीहून जास्तच खातात. पाणी जेवढं खोल गेलं तेवढी वीज वाढली. गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा पाण्याबरोबर वीजही नालीला जाते. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा.

एसीचं आता बोलू, कारण त्यात मिस्टरांचा जीव अडकलाय. आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत कूलरसारखं दुसरं यंत्र नाही. एसीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात काम भागवतो. कूलर पाणी पितो, हे मला ठाऊक आहे. कडक उन्हात मोठा कूलर तासाला सहा-आठ लिटर सहज घेतो, आणि टँकरच्या गावात हा प्रश्न आहेच. पण एसी पाणी पीत नाही असं समजू नका. तो दुसऱ्याच्या तालुक्यातलं पितो. जुन्या औष्णिक वीज केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची सरकारी मर्यादा आहे. दीड टनाचा एसी तासाला सव्वा युनिट खात असेल तर चार-साडेचार लिटर पाणी तिकडे वाफ होऊन गेलं. परळीचं वीज केंद्र तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे. ते २०१५ च्या जुलैमध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे आबांना नक्की आठवत असेल.

कूलर चालवण्यातही कसब असतं. समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी. दार-खिडक्या लावून कूलर लावला की खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि मग लोक म्हणतात कूलर काम देत नाही. गवत दर उन्हाळ्याला बदला. खारट बोअरच्या पाण्यानं ते दगडासारखं होतं. मध्यरात्रीनंतर पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तरी चालतं. मृग लागला की हवा दमट होते आणि कूलर हरतो. त्या दिवसांत आबांचा श्वास कोंडत असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर एसी घ्या आणि मनात अपराधीपणा ठेवू नका. पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी, २६ वर, सोबत पंखा चालू. एकेका अंशानं सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. पण त्याआधी पंखे आणि छत, हा क्रम सोडू नका.

छताबद्दल आबांना विचाराच. त्यांनी माळवदाच्या घरात दिवस काढलेले असणार. दोन-दोन फुटांच्या भिंती, वर मातीचा थर, हवा खेळायला छतात झरोका. ते घर दुपारी गार का असायचं, हे इंजिनिअरिंगच्या पोराला पुस्तकापेक्षा आजोबा चांगलं सांगतील. सिमेंटच्या स्लॅबनं आपण ते सगळं घालवलं. दिवसभर तापून स्लॅब रात्रभर आत उष्णता ओततो. परभणीत माझ्या घरी वरच्या खोलीत रात्री दहाला छताला हात लावला तर चटका बसायचा. गच्चीला पांढरा चुना मारल्यापासून ती खोली झोपण्याजोगी झाली. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, यात दुसरं काही नाही.

केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत छतावर दोन किलोवॅटचं सौरसंच बसवलं तर ६०,००० रुपयांचं अनुदान मिळतं, आणि वर्षाच्या सरासरीनं दिवसाला आठेक युनिट वीज मिळते. वर्षाच्या हिशोबानं तुमचं जवळजवळ अख्खं घर त्यात भागतं. विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत. लाईट गेली की बॅटरी नसलेलं हे संचही बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. भारनियमनावर उपाय म्हणून घेत असाल तर फसगत होईल. बिलावर उपाय म्हणून उत्तम आहे. मीटर आबांच्या नावावर असेल तर अर्जावर सहीही त्यांचीच लागेल. म्हणजे तोवर बोलणं सुरू झालेलं बरं.

त्यासाठी एक वही घ्या, दोरीनं मीटरजवळ खिळ्याला टांगा. रोज संध्याकाळी सातला रीडिंग आबांनी लिहायचं. मोंढ्यात माल घालून पट्ट्या जपणारा माणूस आकड्यात चुकत नाही. मुलगा कॉलेजला परत गेला की त्यानं रोज फोन करून आबांनाच आकडा विचारायचा, तुम्हाला नाही. कुठल्या दिवशी दोन युनिट जास्त गेले, का गेले, कोण पाहुणे आले होते, इस्त्री किती केली, एवढंच बोलायचं. हवामानाचं नाव काढायचं नाही, निदान दिवाळीपर्यंत. आणि भिंतींवरच्या सगळ्या चिठ्ठ्या मुलानं स्वतःच्या हातानं काढायच्या.

चुना आत्ता मारू नका, पाऊस तोंडावर आहे, धुऊन जाईल. फेब्रुवारीच्या शेवटी मुलाला दोन दिवस बोलावून घ्या. चुनकळी आदल्या रात्री पाण्यात विझवून ठेवायची, सकाळी गाळून त्यात थोडं फेव्हिकॉल घालायचं म्हणजे पापुद्रे सुटत नाहीत, आणि दोन हात द्यायचे. पहाटे सुरू करून नऊच्या आत संपवा. चुना डोळ्यात उडाला तर वाईट भाजतो, म्हणून मुलानं गॉगल लावून वर ब्रश मारायचा आणि आबांनी खाली लिंबाखाली खुर्ची टाकून पाणी किती, चुना किती ते सांगायचं.